चुन्याची रेघ

माझे बाबा गवंडी होते. विटेवर थापीचा दांडा वाजला की वीट पक्की भाजलेली आहे की कच्ची, हे मी घरात बसून सांगायचे. त्यात हुशारी काही नव्हती. दिवसभर मला ऐकण्याशिवाय फारसं काम नसायचं, म्हणून कान तयार झाले. सकाळी मायची फुंकणी, मग लाखोरीची डाळ उतू जाऊन चुलीत फसफसायची तो आवाज, मग सुपात कनकी पाखडण्याचा. धानाच्या मुलखात राहूनही आमच्याकडे अख्ख्या तांदळाचा भात पाहुणे आले तरच व्हायचा. एरवी कनकी, म्हणजे गिरणीतला तुटका तांदूळ, आणि तिच्याच पिठाची भाकर. सोबत जवसाची चटणी. तळ्याचं पाणी ओसरलं की ढिवर मोहल्ल्यातून बारीक मासळी यायची, ती माय मिरची-लसणात इतकी कोरडी भाजायची की घरभर ठसका लागायचा. मी अजूनही तशीच भाजते. आता स्वयंपाकघरात पंखा बसवला आहे, त्यामुळे ठसका शेजाऱ्यांना लागतो.

आमचं गाव सावलीच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला. बौद्धांचा मोहल्ला गावाच्या सखल टोकाला, आणि शाळा, चावडी, देऊळ हे सगळं वरच्या अंगाला. पाऊस सुरू झाला की गावाचं पाणी आमच्या गल्लीत उतरायचं आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपेपर्यंत तिथेच मुक्कामाला राहायचं. चालायला लागले आणि ताप आला, त्या तापात दोन्ही पाय गेले, एवढंच मला माझ्या पायांबद्दल सांगितलं गेलेलं आहे. मी हातांवर सरकायचे. दोन्ही तळहात पुढे टाकायचे, अंग उचलायचं आणि पुढे आणून टेकवायचं. खडे टोचू नयेत म्हणून बाबांच्या जुन्या रबरी चपला हातात घालायचे. गावात नवी आलेली सून मला पाहून हसली तर मी असं धरायचे की ती चपलांना हसते आहे. चिखलाच्या दिवसांत चपलाही रुतायच्या, म्हणून पावसाळाभर मी घरात. वरच्या मोहल्ल्यात जन्मले असते तर निदान चार महिने जास्त बाहेर पडले असते, असा हिशेब मी पुढे मोठेपणी केला. तेव्हा असं काही डोक्यात आलं नव्हतं.

शाळेत मी बाबांच्या पाठीवर जायचे. ते कामावर जाता जाता मला वर्गाच्या दारात उतरवायचे आणि दुपारी दादा, माझा मोठा भाऊ, मला परत आणायचा. बाबांच्या मानेला सिमेंटचा आणि बिडीचा वास यायचा. वाटेत ते दिसेल त्या भिंतीला नावं ठेवायचे. ही ओळंब्यात नाही, कलली आहे, त्या कमानीचं पोट सुटलं आहे, ह्याच्या कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन पाहिलाच नाही. गावातल्या प्रत्येक घराचं व्यंग मला तोंडपाठ होतं. माझ्या व्यंगाबद्दल बाबा कधी बोलले नाहीत.

मी तेरा-चौदाची असेन, तेव्हा कोतवालाने दवंडी दिली की अपंगांसाठी शिबिर येणार, डॉक्टर तपासणार आणि ज्याचे पाय कामाचे नाहीत त्याला तीनचाकी सायकल मिळणार. हाताने फिरवायचं पॅडल असलेली ती सायकल मी एकदा बाजाराच्या दिवशी पाहिली होती. एक म्हातारा तिच्यावर ऐटीत बसून वांगी निवडत होता आणि वांगेवाली त्याला भाऊ, भाऊ करत होती. मला त्या सायकलीपेक्षा त्याची उंची आवडली होती. बसूनही तो लोकांच्या कमरेच्या वर होता. मी लोकांना नेहमी गुडघ्यांवरून ओळखायचे.

शिबिर देवळाच्या सभामंडपात होतं. गावात पक्कं छप्पर आणि पंखा तिथेच होता, त्यामुळे ठेवणाऱ्यांनी दुसरा काही विचार केला नसणार. मंडपाला सात पायऱ्या. बाबांच्या आधीच्या पिढ्यांना त्या पायऱ्या चढू देत नव्हते. बाबांनी दीक्षा घेतली आणि त्यानंतर ते स्वतःच तिकडे वळत नव्हते. पायऱ्यांना ह्यातला फरक कळला नसेल, पण बाबांना तो फार मोठा होता. ते मला पाठीवर घेऊन पहिल्या पायरीपाशी आले आणि थांबले. वरून देवळाच्या पंचांपैकी एकजण म्हणाला, "नेऊन टाक ना गा पोरीले वर. आता कोन अडवून राह्यलं तुले?" बोलणं चांगल्या मनाचं होतं, हे मला आजही वाटतं. बाबा म्हणाले, "अडवत नाई म्हनून जावं का?"

मग त्यांनी निरोप पाठवला की डॉक्टरसाहेबांनी दोन मिनिटं खाली यावं. एक कंपाउंडर खाली आला, माझं नाव लिहून घेतलं, गर्दी कमी झाली की साहेब येतील म्हणाला. आम्ही पिंपळाखाली बसलो. ढिवर मोहल्ल्यातला कवडू, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, एक पाय वाळलेला, तो काठी टेकत टेकत माझ्या समोरून वर चढला. देऊळ त्याचंच होतं, त्याला विचार करायची गरज नव्हती. वर जाऊन त्याने मला खूण केली, ये म्हणून. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते, ती ओळंब्यात होती की नव्हती कुणास ठाऊक. ऊन कलल्यावर डॉक्टर मागच्या बाजूने उतरून जीपमध्ये बसून गेले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचला होता का, हे मला कळलं नाही. मापं घेतल्याशिवाय सायकल मिळणार नव्हती, आणि माझी मापं घेतली गेली नव्हती.

घरी येताना बाबांची पाठ घामाने भिजली होती. मोहल्ल्याच्या वळणावर ते म्हणाले, "तुले राग आला असन." मी नाही म्हटलं. खोटं बोलले नव्हते. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं. हे लिहिताना मला ते दोघंही बरोबर वाटतात, वर चढलेला कवडू आणि खाली थांबलेले बाबा. फक्त सायकल एकाच्याच दारात आली. कवडू तिच्यावर मासळीची टोपली बांधून गावोगाव फिरू लागला. एकदा आमच्या दारात थांबून मला म्हणाला, बस मागे, तळ्यापर्यंत नेऊन आणतो. मायने कनकी पाखडता पाखडताच नको म्हटलं. वयात आलेली पोर परक्या पोराच्या सायकलवर बसून गावातून जाणार होती का? मी लंगडी आहे हे गाव विसरत नव्हतं, आणि मी मुलगी आहे हेही विसरत नव्हतं. बाबांची पाठसुद्धा त्याच सुमारास बंद झाली. एवढी मोठी पोर बापाच्या पाठीवर शोभत नाही, असं कुणीतरी विहिरीवर म्हटलं आणि मायने ते घरी आणलं. दादा तोवर माजरीच्या कोळसाखाणीत कामाला लागला होता. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी घरी बसून, मागून आणलेल्या पुस्तकांवर केलं.

मोहल्ल्यात विहार बांधायचं ठरलं ते ह्यानंतर दोन-तीन वर्षांनी. तोवर वंदना कडुनिंबाखाली व्हायची, आणि तीच मला सोयीची होती, कारण कडुनिंब आमच्या दारापासून वीस-पंचवीस हातांवर होता. तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीने जमिनीवर बसायचे. लहान पोरांना त्रिशरण आणि पंचशील मी शिकवायचे. आवाज खणखणीत होता, पाठांतर पक्कं होतं आणि कुठे जायचं नव्हतं, म्हणजे शिक्षिकेला लागणारं सगळं होतं. वासुदेव गुरुजी, मोहल्ल्यातले पहिले शिकलेले, सगळ्यांसमोर म्हणाले होते की विहाराचं उद्घाटन होईल तेव्हा मूर्तीसमोर बसून पहिली वंदना सुशी म्हणेल आणि तिची पोरं मागून म्हणतील. तोपर्यंत माझं नाव कुणी कशासाठीच घेतलं नव्हतं. मी त्या दिवसाची वाट पाहू लागले. दुसऱ्या कशाची वाट पाहावी असं माझ्या आयुष्यात काही नव्हतं, हे थोडं वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, पण तसंच होतं.

काम अर्थातच बाबांचं. लोकांनी बैलबंड्या जुंपून पोंभुर्ण्याच्या बाजूचा दगड आणला, बायांनी रेती वाहिली, पाणी वाहिलं. बाबांनी एका सकाळी जागा साफ करून दोरी लावली आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर सगळं विहार आखलं. मी कडुनिंबाखाली बसून पाहत होते. हा गाभारा, ही मूर्तीची जागा, हे दार, ह्या समोरच्या पायऱ्या. मग ते डाव्या बाजूला गेले आणि दोन समांतर रेघा ओढत ओढत थेट कडुनिंबापर्यंत, माझ्यापर्यंत आले. मधलं अंतर त्यांनी हाताने दोनदा मोजलं. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "उतार." आणि पुढच्या कामाला लागले.

संध्याकाळी आखणी पाहायला मोहल्ला जमला. गुरुजींनी जोत्याची उंची विचारली. बाबांनी सांगितली ती ऐकून गुरुजी म्हणाले की देवळाचं जोतं ह्याहून उंच आहे, आणि आपलं विहार देवळापेक्षा बोटभरही खाली असता कामा नये. कुणी वाद घातला नाही. घालणार कोण? पिढ्यान्‌पिढ्या खालून वर पाहिलेली माणसं होती ती. बाबा दुसऱ्याच दिवशी भर उन्हात, देवळात कुणी नसताना, बाहेरूनच दोरी लावून जोतं मोजून आले. मग पायऱ्यांचा प्रश्न आला. गुरुजी म्हणाले पायऱ्या पाचच ठेवायच्या, पंचशीलाच्या. सात पायऱ्यांची उंची पाच पायऱ्यांत बसवायची म्हणजे एकेक पायरी वीतभराहून उंच होणार, हे बाबांनी सांगून पाहिलं. गुरुजी म्हणाले, शील पाळणं सोपं असतं का? सगळे हसले. बाबाही हसले. पुढे त्या पायऱ्यांनी मोहल्ल्यातल्या एकाही म्हाताऱ्या गुडघ्याला सोडलं नाही, गुरुजींच्यासुद्धा नाही.

शेवटी उताराची गोष्ट निघाली. कुणीतरी म्हणालं, उतार तर धानाच्या गोदामाला असतो, पोती चढवायला. समोरून पाहणाऱ्याला हे विहार वाटेल की गोदाम? दुसरा म्हणाला, वरच्या मोहल्ल्यातले हसतील. बाया मागे उभ्या होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही. तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. एवढ्या माणसांत, मोठ्याने, त्यांनी मला विचारलं, "सुशे, तू सांग. पाह्यजे का तुले उतार?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, म्हणजे खाली झाल्या. मी सतरा वर्षांची, अंगावर मायचं जुनं लुगडं, हातात बाबांच्या चपला. मी म्हटलं, "नको बाबा. पायऱ्याच ठेवा."

ह्या वाक्याचा मी नंतर पुष्कळ कीस काढला. लाजेने बोलले, हे खरं आहे. एका पोरीपायी विहाराचा चेहरा बिघडला असं कुणी म्हणू नये असं वाटलं, हेही खरं. पण पायऱ्यांखाली मला बसवून ठेवणारं ते देऊळ मी विसरले नव्हते, आणि आमचं विहार त्याच्याएवढं उंच झालेलं मलाही पाहायचं होतं. त्या उंचीचा अभिमान इतरांइतकाच माझाही होता. ती उंची आणि मी, दोघी एका वेळी वर जाऊ शकत नव्हतो, एवढंच. पुढे मला तहसिलीत टंकलेखिकेची नोकरी लागली, तेव्हा पहिल्या दिवशी बाबूने विचारलं की बाई, तुम्ही जातीच्या कोट्यातून की अपंगांच्या? मी म्हटलं, जो रिकामा असेल त्यातून. माझं टेबल पहिल्या मजल्यावर होतं आणि सहा महिने मी खाली आवक-जावकच्या खिडकीत बसून टाइप केलं. सरकारलाही दोन गोष्टी एका वेळी लक्षात ठेवणं जड जातं. मग मोहल्ल्याला कशाला दोष द्यायचा?

आखणी बदलली. पायऱ्यांची नवी रेघ पडली. उताराच्या दोन रेघा मात्र तशाच राहिल्या, तीन दिवस. बाबा रोज तिथे काम करत होते, पायाचा खड्डा मारत होते, पण त्या रेघांवर त्यांनी माती टाकली नाही. विसरले असतील, असं मला वाटलं. चौथ्या दिवशी खड्ड्याची माती त्या बाजूला पडली आणि रेघा दिसेनाशा झाल्या.

उद्घाटन बुद्धपौर्णिमेला झालं. मायने मला पांढरं लुगडं नेसवलं, कोरं, स्टार्चचा वास असलेलं. बाहेर खिरीची कढई चढली होती, अख्ख्या तांदळाची खीर, आणि गुळाचा वास सगळ्या गल्लीत होता. पाहुणे म्हणून गडचिरोलीहून भन्तेजी आले होते. मी सरकत पहिल्या पायरीपर्यंत गेले. लुगडं गुडघ्यापाशी मातीने भरलं होतं. पायरीची कड माझ्या छातीला लागली. तशी एकामागून एक पाच पायऱ्या, एवढ्या पाहुण्यांसमोर, पदर सांभाळत, पोटावर घासत चढायच्या होत्या. बाबा गर्दीतून पुढे आले आणि नेहमीसारखे पाठ करून खाली बसले. मायने मागून त्यांचा खांदा धरला. तिने भन्तेजींकडे आणि जमलेल्या बायांकडे पाहिलं. बाबा तसेच क्षणभर बसले आणि उठले. मी म्हटलं, मी इथेच बसते, चपला पाहते. वर माझ्या पोरांनी वंदना सुरू केली. पुढे कोण बसलं होतं ते मला खालून दिसलं नाही. पोरं तिसऱ्या शीलापाशी अडखळली, तेव्हा मी खालून पुढचा शब्द म्हटला. तो वर पोचला नाही, कारण तेवढ्यात लाउडस्पीकर सुरू झाला.

तेव्हापासून चपला माझ्याकडे लागल्या. कुणी सांगितलं नाही, लागल्या. नोकरी लागून मी चंद्रपूरला राहायला गेले, चाकांची खुर्ची आली, केस पांढरे झाले, तरी बुद्धपौर्णिमेला गावी गेले की मी पायऱ्यांच्या डाव्या बाजूला बसायचे आणि लोक सवयीने माझ्यासमोर चपला काढायचे. मी कोणाच्या टाचा कुठे झिजतात ते सांगू शकले असते. बाया म्हणतात, किती भोगलं व बाई तू. भोगलं वगैरे नाही. बसून होते. आता तिथे उतार आहे, ग्रामपंचायतीने केलेला, पण तो इतका उभा आहे की त्यावर फक्त मोटारसायकली चढतात आणि सावलीला लावून ठेवतात. बाबा असते तर त्यांनी त्यालाही नावं ठेवली असती.

बाबांची उजवी बाजू लकव्याने गेली ती उतार होण्याच्या बऱ्याच आधी. त्या वर्षी पौर्णिमेला दादाने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून विहारापर्यंत आणलं. चौघांनी खुर्ची उचलून वर न्यायची तयारी केली, तसा बाबांनी डावा हात हलवून नको म्हटलं. "इथीच बसतो. सुशीजवळ." मग दादा वर गेला आणि आम्ही दोघं चपलांपाशी राहिलो. बाबा बराच वेळ आपल्या पायऱ्यांकडे पाहत होते. चौथी पायरी सगळ्यांत जास्त झिजली होती. मला वाटलं आता ते तिला नाव ठेवतील. ते म्हणाले, "ती रेघ आठवते का तुले? उताराची?"

मी म्हटलं, आठवते, तुम्ही पुसायची विसरला होतात.

त्यांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द हळूहळू यायचे. "विसरलो नवतो. मुद्दाम ठेवली होती. म्हटलं, लोकायसमोर नाई म्हनली पोट्टी, घरी येऊन सांगन मले. तू सांगतली असती तं केला असता उतार. कोनी काई म्हनलं असतं तरी."

वर वंदना सुरू झाली. बाबा डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याच्याशी जोडायचा प्रयत्न करत होते. मी तो जोडून दिला. मला काही वाटायला हवं होतं, ते वाटायला बरेच दिवस लागले. मी त्या तीन दिवसांचाच विचार करत होते. कडुनिंबापासून घरी जायला मला त्या रेघा ओलांडाव्या लागायच्या, म्हणून माझ्या हातातल्या चपलांना चुना लागायचा. घर पांढरं होऊ नये म्हणून मी त्या उंबऱ्यावर आपटून झटकायचे, चांगल्या दोन-तीनदा. बाबा तिथेच, उंबऱ्याच्या आत, जेवायला बसलेले असायचे.